रांगोळीतलं गाव

पावसाळ्यात मराठवाड्यातलं कुठलंही दैनिक उघडा, आतल्या पानावर ती बातमी सापडतेच. 'कृषिदूतांनी केले शेतकऱ्यांना मार्गदर्शन'. मुली असतील तर 'कृषिकन्यांनी'. फोटोत एकसारखे टी-शर्ट घातलेली सात-आठ मुलं, मधोमध टोपीवाले एक आजोबा आणि समोर जमिनीवर रांगोळी-गुलालानं काढलेला गावाचा नकाशा. बातमीचा अर्धा भाग प्राचार्य, कार्यक्रम अधिकारी आणि विषयतज्ज्ञ यांच्या नावांनी भरलेला. आजोबांचं नाव बहुधा नसतंच.

मी केदारखेड्याचा. जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून भोकरदनकडे जाताना पूर्णेच्या काठावर लागतं ते. काम सॉफ्टवेअरचं. आमच्या धंद्यात इंटर्नशिप म्हणजे वातानुकूलित खोली, लॅपटॉप आणि महिन्याच्या शेवटी थोडे पैसे. पण विद्यार्थ्यानं विज्ञान घेऊन लोकांत जायचं, ते समजावून सांगायचं आणि त्याचे गुण मिळवायचे, अशी इंटर्नशिप आपल्याकडे कित्येक वर्षं चालू आहे. तिला 'ग्रामीण कृषी कार्यानुभव' असं सरकारी नाव असल्यानं ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, एवढंच.

तिची मुळं दोन. पहिलं राष्ट्रीय सेवा योजनेत. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. तीनच वर्षांत बहात्तरचा दुष्काळ आला. पाझर तलावांवर खडी फोडणारी माणसं, सुकडी, आटलेल्या विहिरी या गोष्टी आमच्या भागात अजूनही कालच्यासारख्या सांगितल्या जातात. १९७३ मध्ये सेवा योजनेच्या शिबिरांना विषय दिला गेला तो 'दुष्काळाविरुद्ध युवक'. विद्यार्थी खेड्यात गेले, पण मुख्यतः श्रम करायला. विहीर का आटली, हे सांगणं त्या शिबिरांचं मुख्य काम नव्हतं. कुदळ आणि फावडं, संध्याकाळी व्याख्यान आणि गाणी. हा साचा पुढे इतका पक्का झाला की महाविद्यालयीन शिबिरांत तो आजही ओळखू येतो.

दुसरं मूळ परभणीत. १८ मे १९७२ रोजी, म्हणजे ऐन टंचाईत, तिथं मराठवाड्याचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं. राहुरी आणि अकोला आधीच झाली होती; दापोलीचं त्याच दिवशी झालं. या विद्यापीठांतून पदवीधर तर बाहेर पडू लागले, पण पुढे देशभर एक तक्रार वाढत गेली: कृषी पदवीधराला शेत माहीत नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे माजी महासंचालक डॉ. एन. एस. रंधावा यांच्या समितीनं १९९२ मध्ये ग्रामीण कार्यानुभवाची शिफारस केली आणि अखेरच्या वर्षातला मोठा काळ खेड्यात घालवणं हा पदवीचा भाग ठरत गेला. २०१५ मध्ये ते 'स्टुडंट रेडी' या छत्राखाली आलं. समितीच्या डोळ्यांपुढे विद्यार्थ्याचं शिकणं होतं. गावानं काय शिकावं हा प्रश्न त्यात दुय्यम होता, आणि तो दुय्यमच राहिला असं माझं मत आहे.

तो रांगोळीचा नकाशा मात्र तिसरीकडून आला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकानं आणि त्याच्यासोबत भारतातल्या काही स्वयंसेवी संस्थांनी एक पद्धत रुळवली. बाहेरच्या माणसानं प्रश्नावली भरून घेण्याऐवजी गावकऱ्यांनाच जमिनीवर गाव काढू द्यायचं. काठी त्यांच्या हातात द्यायची आणि आपण गप्प बसायचं. कुठली विहीर मार्गशीर्षात तळ दाखवते, कुठल्या बांधावरून भांडण आहे, कुणाची वस्ती नकाशात सगळ्यात शेवटी काढली जाते, हे त्या शांततेत कळतं.

आपल्याकडे झालं उलटं. रांगोळी मुलांच्या हातात आली. ती आदल्या रात्री वहीत आकृती काढून ठेवतात, सकाळी मारुतीच्या पारासमोर ठिपके टाकतात आणि नऊ वाजता गावकरी आपलंच गाव बघायला येतात. नकाशा सुबक असतो. त्यात मंदिर, शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना, झाडं, सगळं जागच्या जागी. फोटो निघतो, तो अहवालात लागतो, अहवाल महाविद्यालयात जातो. दुपारपर्यंत शेळ्या त्यावरून गेलेल्या असतात. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. गुण अहवालाला असतील तर मेहनतही अहवालावरच होणार.

हा सगळा खटाटोप मला महत्त्वाचा वाटतो तो कापसाच्या एका पुडीमुळे. जालना हे बियाण्यांचं शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथंच महिको काढली आणि देशात पहिल्यांदा मंजुरी मिळालेलं बीटी कापसाचं बियाणं याच कंपनीचं, २००२ सालचं. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची. ती कडेनं लावायची. का, तर बीटी पचवून जगलेला एखादा पतंग त्या कडेच्या कपाशीवर वाढलेल्या साध्या पतंगाशी जुळावा आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडणारी निघावी. कल्पना सुरेख आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूनं पाहा: अळीला खायला म्हणून मी माझ्या रानाच्या पाच ओळी सोडायच्या, त्यावर वेगळी फवारणी करायची आणि फायदा सगळ्या शिवाराला, तोही काही वर्षांनी. पुड्या बांधावर पडून राहिल्या. दुकानदारानं त्यावर एक शब्द सांगितला नाही, कारण पुडी विकली जात नव्हती, फुकट होती.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्राचा कापूस पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अळीला प्रतिकारशक्ती येण्याची कारणं पुष्कळ आहेत, सगळं खापर पुडीवर फोडता येणार नाही. तरी जी गोष्ट प्रत्येक पिशवीत येत होती ती का येते, हे शिवारात उभं राहून सांगणारं माणूस नव्हतं, हे खरंच.

त्यानंतरच्या वर्षांत कृषिदूतांच्या बातम्यांत कामगंध सापळे दिसू लागले. सापळ्यात मादीच्या गंधाची गोळी, त्यामागे येणारे नर पतंग, आणि सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग सापडले तरच फवारणीचा विचार. हे मला उत्तम विज्ञान-संवादाचं उदाहरण वाटतं. इथं कुणी भाषण करत नाही. शेतकरी रोज सकाळी स्वतः मोजतो, आणि मोजणारा माणूस दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध मारायला सहजी तयार होत नाही. बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, उगवणक्षमतेसाठी ओल्या गोणपाटात गुंडाळलेले सोयाबीनचे शंभर दाणे ही प्रात्यक्षिकंही त्याच जातीची. शंभरांतले सत्तर उगवले की काय करायचं, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

पाण्याच्या बाबतीत हे अजून झालेलं नाही. आमच्याकडे खाली काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि सच्छिद्र थरात. त्याखाली बोअर कितीही नेला तरी बहुतेकदा धूळच निघते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. आयआयटी मुंबईनं नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत तयार केली. रोजचा पाऊस, मातीचा प्रकार, उतार, पीक घालून किती वाहून गेलं, किती मुरलं, पिकाला किती कमी पडलं हे काढायचं. प्रोग्रॅम म्हणून ती पद्धत मला आवडली. पण अशा कुठल्याही प्रोग्रॅमला आत काय भरतो यावरच सगळं अवलंबून. कागद अंथरलेलं शेततळं पावसानं भरलं की विहिरीतून उपसून, हे उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. निळा चौकोन तोच. फरक कळायला ऑक्टोबरात त्या तळ्याच्या काठावर जाऊन पाइप कुठून आलाय ते बघावं लागतं.

आणि कृषिदूत नेमके त्या दिवसांत गावात असतात. जुलैपासून पुढचे कित्येक आठवडे, विहिरी भरण्याचा सगळा काळ. बदनापूरचं कृषी महाविद्यालय काही दूर नाही. एका गटानं पंचवीस विहिरींत दर आठवड्याला दोरी सोडली आणि आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गेरूनं लिहिले, तर त्याला खर्च दोरीचा. रब्बीत गहू करायचा की हरभऱ्यावर भागवायचं, ही चर्चा दिवाळीच्या सुमारास पारावर होतेच. सध्या ती मागच्या वर्षीच्या आठवणीवर आणि शेजाऱ्यानं काय पेरलं यावर होते. भिंतीवरचा आकडा तिथं चुकीचाही ठरवला जाईल, त्यावरून वादही होतील, कुणी म्हणेल माझी विहीर मुद्दाम कमी दाखवली.

मूल्यमापनाच्या तक्त्यात मात्र अशा भिंतीसाठी रकाना नाही. फोटोसाठी आहे.