गोतसभा आणि ग्रामसभा

गांवांत मतभेद नसावेत अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय. शीव, पाणी, वतन आणि मान यांवरून तंटे पूर्वापार होत आले आहेत. परंतु तंटा झाल्यावरही दोन्ही पक्षांना दुसऱ्या दिवशीं त्याच पाणवठ्यावर यावयाचें असतें. तेव्हां तो बोलून मिटवावा कसा, हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या इतिहासांत याचीं दोन उत्तरें पाहण्यासारखीं आहेत.

मराठेशाहींत असा तंटा गोतसभेपुढें येई. गोत म्हणजे केवळ नातलग नव्हेत. पाटील, कुळकर्णी, मिरासदार आणि बलुतेदार हे सारे त्यांत येत. शिवेच्या वादांत महाराची साक्ष विशेष मोलाची मानली जाई. सभेचा क्रम ठरलेला असे. होईल तो निर्णय मान्य करूं, असा राजीनामा दोन्ही वादी आधीं लिहून देत व त्यास जामीनही देत. आज राजीनामा म्हणजे पद सोडणें. त्या काळीं तो राजी असल्याचा कागद होता. मग प्रत्येकाची तक्रीर, म्हणजे हकीकत, ऐकली जाई. साक्षीदार प्रसंगीं बेलभंडार उचलून शपथ घेत. अखेर निर्णयाचा महजर लिहून त्यावर उपस्थितांचीं नांवें व निशाण्या घालीत. पाटलाची निशाणी नांगर. राजीनामा, तक्रीर, महजर हे शब्द फारसी वळणाचे आहेत. निजामशाहीसारख्या सुलतानी अमलांत ही पद्धति रुळली होती, याची ती खूणच होय.

या पद्धतींत उणिवाही होत्या. स्त्रियांना सभेंत सामान्यतः स्थान नसे. हरणाऱ्यास येजितखत, म्हणजे पराभवाची कबुली, लिहून द्यावें लागे व दंडही भरावा लागे. त्यामुळें सल मनांत राही. १८१८ सालीं पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनीं पंचायती टिकवूं पाहिल्या. परंतु इंग्रजी अदालतींपुढें त्या मागें पडल्या.

दुसरें उत्तर अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवचें. येथें पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर. दुष्काळानें खचलेल्या या गांवानें १९८९ सालीं पोपटराव पवार यांस सरपंच केलें आणि पुढें महत्त्वाचे निर्णय ग्रामसभेंत घेण्याचा प्रघात पाडला. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठीं विंधनविहिरींस मनाई, ऊस व केळीं यांना फांटा. यांतील प्रत्येक निर्णय कोणाच्या ना कोणाच्या मिळकतीला हात घालणारा होता. ज्याची विहीर त्याचें पाणी, असें मानणाऱ्या शेतकऱ्यास उसावर पाणी सोडावयास लावणें सोपें नसतें.

तेथें पावसाची नोंद होते, विहिरींची पातळी मोजली जाते आणि गांवांत पाणी किती, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडला जातो. माणसें व जनावरें यांच्या पिण्याचें पाणी प्रथम बाजूस काढावयाचें. उरेल त्यावर पिकें ठरवावयाचीं. पाणी किती, याविषयीं वाद राहत नाहीं. तें वांटावें कसें, एवढेंच बोलावयाचें उरतें. शिवाय ताळेबंद दरवर्षीं नव्यानें होतो. यंदा ज्याचें पीक मागें पडलें, त्याला पुढल्या पावसाची आशा राहते.

गोतसभेनें निर्णय पाळण्याची हमी आधीं घेतली. हिवरे बाजारनें मोजमाप आधीं केलें. आज कायद्यानें ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची सभाही सांगितली आहे. ती नांवापुरती न उरतां पाणी भरणारीचा शब्द ताळेबंदांत उतरला, तर जुन्या सभेची मोठी उणीव भरून निघेल.