नोकरी गेल्यानंतरचा पावसाळा: किहीम, १९३०

इतिहासातली मोठी माणसं आपल्याला बहुतेक वेळा म्हातारीच भेटतात. सालीम अली म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते पांढऱ्या दाढीचे, गळ्यात दुर्बीण अडकवलेले, पद्मविभूषण सालीम अली. आज आपण त्यांच्याविषयी बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते तेहतीस वर्षांच्या एका माणसाविषयी. १९३० साली त्याच्याकडे नोकरी नव्हती, विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि ज्या विषयात त्याला काम करायचं होतं त्या विषयात पोट भरेल अशी जागा हिंदुस्थानात जवळजवळ नव्हतीच. आमचं म्हणणं असं, की आपल्याकडच्या वन्यजीव-अभ्यासाची एक महत्त्वाची सुरुवात या माणसाच्या बेकारीतल्या एका पावसाळ्यात झाली. ती तेव्हा आणि तिथेच का झाली, हे समजून घेतलं तर आजच्या तरुण संशोधकांकडेही आपण जरा वेगळ्या नजरेने पाहू.

थोडं मागे जाऊ. सालीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. छर्‍याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून मामांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्ड या सचिवांनी कपाटं उघडून पक्ष्यांचे नमुने दाखवले. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण पुढची वीस वर्षं आपण सहसा सांगत नाही. कॉलेजात मन रमलं नाही. ब्रह्मदेशातल्या तवॉय भागात घरच्या वुल्फ्रॅमच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात वर्षं गेली. मधल्या काळात मुंबईला येऊन व्यापारी शिक्षण घेतलं आणि त्याच्याच जोडीला सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्र शिकले. १९१८च्या डिसेंबरात तहमीनांशी लग्न झालं. धंदा काही चालला नाही. हाती राहिलं ते पक्ष्यांचं वेड. झूलॉजिकल सर्व्हेतली पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही, कारण पदवी नव्हती.

आता त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे काय होता, तेही पाहायला हवं. अभ्यास करणारे बहुतेक इंग्रज अधिकारी. कोणी पोलिसात, कोणी जंगलखात्यात, कोणी पलटणीत. हौस मोठी आणि मेहनतही खरी, हे नाकारायचं कारण नाही. पण पद्धत ठरलेली. पक्षी मारायचा, कातडं सोलून पेंढा भरायचा, चिठ्ठी बांधायची, मापं घ्यायची आणि पेटीत ठेवायचा. कोणती जात कुठे सापडते आणि तिच्या किती उपजाती, हे यातून कळत होतं. जिवंत पक्षी दिवसभर काय करतो, हा प्रश्न मागे राहत होता. आणि एतद्देशीय माणसाने साहेबाची चूक दाखवणं हेही सोपं नव्हतं. ह्यू व्हिस्लर हे त्या काळचे मोठे जाणकार. त्यांच्या लेखनातला एक तपशील चुकलाय, असं या अनोळखी हिंदी तरुणाने सोसायटीच्या जर्नलमध्ये दाखवून दिलं, तेव्हा व्हिस्लर आधी चिडलेच. मग त्यांनी स्वतःचे नमुने पुन्हा काढून पाहिले, चूक कबूल केली, आणि पुढे दोघे पक्के मित्र झाले. व्हिस्लर यांचा हा मोठेपणा आपण नोंदवून ठेवू.

१९२६ साली एकदाची नोकरी लागली. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागात ‘गाइड लेक्चरर’, पगार ३५० रुपये. पण शिक्षण अपुरं आहे ही टोचणी होतीच. म्हणून रजा काढून ते बर्लिनला गेले, एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे. हे गृहस्थ त्या वेळी चाळिशीचे. कातड्यांचं शास्त्र त्यांना उत्तम येत होतं, तरी पक्षिशास्त्र म्हणजे जिवंत पक्ष्याचं जीवशास्त्र, असा त्यांचा आग्रह होता. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचं स्थलांतर कसं शोधतात, तेही सालीम अलींनी तिथेच पाहिलं.

आणि १९३० साली ते परत आले तर नोकरीच नाही! पैशाअभावी जागाच रद्द झालेली. नवी विद्या घेऊन माणूस दारात उभा आणि दार बंद.

मग नवराबायको किहीमला गेले. अलिबागजवळचं हे समुद्रकाठचं गाव. सालीम अलींच्या आजोळच्या तय्यबजी मंडळींचं तिथे जुनं जाणंयेणं होतं, राहायला घर मिळालं. घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. पावसाळा म्हणजे सुगरणींचा विणीचा हंगाम. नोकरी नव्हती, पण वेळ भरपूर होता. ते आडोशाला बसून बघत राहिले. एक दिवस नाही, एक आठवडा नाही, महिनोन्‌महिने. कोणतं घरटं कोणाचं, कधी सुरू झालं, कोण आलं, कोण गेलं, याच्या नोंदी ठेवत गेले.

काय दिसलं? सुगरणीच्या वसाहतीत नेहमी काही घरटी अर्धवट असतात. शिरस्त्राणासारखी, खाली उघडी, मधून एक आडवी पट्टी. नराने ती स्वतःला बसायला केली असावीत, असा समज होता. किहीमच्या नोंदींनी वेगळंच सांगितलं. नर पात्यांच्या चिरफळ्या काढून घरटं अर्ध्यापर्यंत विणतो आणि थांबतो. मग माद्यांचा थवा येतो. नर पंख फडफडवत घरट्याला लोंबकळतात. मादी आत शिरते, ओढून-टोचून तपासते. पसंत पडलं तर ती राहते आणि तिथेच जोडी जमते. मग नर उरलेलं घरटं आणि खालची नळी पुरी करतो. मादी अंडी घालते आणि एकटीच उबवते. इकडे नर काय करतो? जवळच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हंगाम संपेपर्यंत एकेका नराची अशी दोन-तीन घरं होऊ शकतात. अर्धवट घरटी म्हणजे गिऱ्हाइकाची वाट पाहणारी घरं. काहींना गिऱ्हाईक मिळतं, काही तशीच वाळून जातात.

इथे मराठी माणसाला थोडं थांबावंच लागतं. आपण या पाखराला नाव दिलं ‘सुगरण’. म्हणजे घर सांभाळण्यात हुशार अशी बाई. बहिणाबाईंनीसुद्धा खोप्याचं श्रेय तिलाच दिलं. पिलांसाठी राबणारी आई म्हणून ते खरंच आहे, कारण अंडी आणि पिलं बहुतांशी तीच सांभाळते. पण विणकर मात्र नर. पिढ्यान्‌पिढ्या हे पाखरू आपल्या विहिरींवर आणि शिंदींवर लोंबकळत होतं, आपण ते रोज पाहत होतो. तरी कोण विणतं आणि कशासाठी विणतं, हे नीट कळायला कोणीतरी एक पावसाळाभर तिथेच बसून राहावं लागलं.

हा अभ्यास १९३१ साली सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला. त्यासाठी ना मोठी प्रयोगशाळा लागली, ना मोहीम. लागलं काय, तर बर्लिनहून आणलेला प्रश्न, किहीममधली जागा आणि मोकळा वेळ. पेटीतल्या हजार कातड्यांनी हे उत्तर दिलं नसतं, कारण हे उत्तर काळात पसरलेलं होतं. कोण आधी, कोण नंतर, हे मेलेल्या पक्ष्याला विचारता येत नाही.

तरी आपण या गोष्टीला फार गोड करू नये. सालीम अलींनी बंदूक टाकून दिली नाही. पुढच्या सर्वेक्षणांतही त्यांनी नमुन्यांसाठी पक्षी मारले आणि ते लपवलंही नाही. शिवाय बेकारीत असा अभ्यास करणं त्यांना परवडलं, कारण डोक्यावर छप्पर होतं आणि तहमीनांची साथ होती. लगेच पुढे हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांच्या सर्वेक्षणासाठी त्यांनी आपलं काम विनामूल्य देऊ केलं, फक्त खर्च भागवावा एवढीच अट. आपण याला त्याग म्हणतो. पण ज्याच्या घरी चूल दुसऱ्या दिवशी पेटेल की नाही याची खात्री नाही, त्याला असा त्याग करता येत नाही. सर्वेक्षणांच्या मुक्कामांवर तहमीना बरोबर असत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या, तेव्हा सालीम अली पार कोलमडले. शोधनिबंधावर नाव एकाचं असतं, पण त्यामागचा वेळ दोघांचा असतो.

किहीमच्या कामाचं पुढे काय झालं? १९६४ साली जॉन क्रुक या इंग्रज अभ्यासकाने सुगरणकुळातल्या पक्ष्यांचा मोठा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. कोणता पक्षी कुठे राहतो, काय खातो, यावर त्याची घर मांडण्याची रीत कशी अवलंबून असते, हे त्याने दाखवलं. प्राणिवर्तन आणि परिसर यांना जोडणारं ते पायाभूत काम मानलं जातं. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने व्ही. सी. आंबेडकर यांचं भारतीय सुगरणींवरचं पुस्तक काढलं. आंबेडकर हे सालीम अलींच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी. म्हणजे ज्याला पदवी नाही म्हणून जागा नाकारली गेली, तोच माणूस आता पदवीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करत होता.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे, कोईमतूरला सालीम अलींच्याच नावाचं केंद्र आहे. पण तुमच्या ओळखीत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, जी बेडकांवर, वाघळांवर किंवा गवताळ रानातल्या लांडग्यांवर काम करते. तिला विचारा. प्रकल्प किती वर्षांचा? पैसा कधी संपतो? प्राण्याचं आयुष्य एका मुदतीत बसत नाही, पण संशोधकाची नेमणूक मात्र मुदतीचीच असते. आणि घरचे विचारतात, ‘अगं, पण नोकरी कधी लागणार?’

सालीम अलींना तो पावसाळा मिळाला तो अपघाताने, आणि थोडा घरच्यांच्या जिवावर. तो मिळाला नसता तर आपल्याला एक चांगला कारकून मिळाला असता. तेव्हा अशा मुलांना ‘पुढचे सालीम अली व्हा’ असा आशीर्वाद देण्याआधी आपण एक हिशेब करू: त्यांना एका जागी बसून पाहता येईल असे सलग दोन-तीन पावसाळे कोण देणार? ते संस्थांनी द्यायला हवेत, सरकारने द्यायला हवेत. हे फक्त ज्यांच्या घरी ऐपत आहे त्यांच्यावर सोडून चालणार नाही.