झाडांच्या राशी आणि काशाचं पंचांग

२४ डिसेंबर ते २० जानेवारी या काळात जन्मलात, तर ‘केल्टिक राशी’नुसार तुमचं झाड बर्च, म्हणजे आपल्या भूर्जाचं भावंड. अशी तेरा झाडं, जोडीला प्राणी, आणि वर ‘ड्रुइडांचं प्राचीन ज्ञान’ हा शिक्का. मला यात रस आहे तो इतिहासापुरता. तेरा वृक्षमासांचं हे वर्ष रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्लिश कवीने १९४८च्या ‘द व्हाइट गॉडेस’मध्ये मांडलं, राशी त्यावर नंतरच्यांनी चढवल्या. ग्रेव्ह्जचा आधार ओघम ही आयरिश लिपी. तिच्या काही अक्षरांची नावं झाडांची आहेत खरी, पण जुन्या ओघम शिलालेखांत बहुतेक माणसांची नावं आहेत, महिने नाहीत.

गॉलमधले ड्रुइड ग्रहताऱ्यांची चर्चा करत, पण विद्या लिहून ठेवत नसत, असं सीझर सांगतो. ती विद्या त्यांच्याबरोबर गेली. हाती उरलं ते १८९७ साली फ्रान्समधल्या कोलिन्यीला तुकड्यांत सापडलेलं, गॉलिश भाषेतलं काशाचं पंचांग. पाच वर्षांत ६२ चांद्रमास, त्यांत दोन अधिक. वेदांगज्योतिषातलं पंचवर्षीय युगही ६२ चांद्रमासांचंच! उसनवारीची गरज नाही. चंद्रसूर्याचा मेळ घालू पाहणारा कुणीही या हिशेबाशी पोचू शकतो.

या पंचांगात महिन्यांपुढे ‘मात’ किंवा ‘अन्मात’ लिहिलंय. शुभ आणि अशुभ, असा अर्थ सहसा लावतात. झाडांच्या राशी मात्र कुठेच नाहीत. एका मेलेल्या भाषेचा हा खराखुरा आवाज, आणि राशी विकणाऱ्यांना त्याची गरजही भासत नाही.