तळटीप १४ : वडशाचे घर आणि सांदवाडी

१४. हे घर पुण्याच्या चौसोपी वाड्यासारखे समजू नये. वैनगंगेकाठच्या वडशात, धानाच्या या बाजारपेठेत, जुनी घरे मातीच्या जाड भिंतींची, सागवानी खांबांची, वर कवेलू. मागे सांदवाडी, म्हणजे परसबाग : विहीर, जांब, सीताफळ, वालाचा वेल. तिला कुंपण बहुधा काट्याकुट्यांचे. मातीची भिंत घालणे ऐपतीचे काम, शिवाय पावसाळा सरला की ती पुन्हा लिंपणे आलेच. (लेखकाने भिंतीवरच दोन पाने का खर्चली, ते यावरून कळेल.) दिवाळीनंतर धान घरात आले की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम, त्या मंडळ्यांचे केंद्र आजही वडसाच. देसाईगंज हे याच गावाचे दुसरे नाव. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा होईपर्यंत ते चंद्रपुरात मोडे.