वजन उतरले, पुढे काय?

चवथीला आम्ही सगळे हरमलच्या आजोळी जमतो. माटोळी बांधण्यापासून विसर्जनापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसते. यंदा पंगतीत माझी मामेबहीण माझ्या शेजारी बसली होती. तिच्या पानात मूठभर भात, चमचाभर खतखते आणि अर्धी नेवरी. ती अर्धी नेवरीच तिने शेवटपर्यंत पुरवली. वाढता वाढता धाकटी मामी म्हणाली, "घे गो आणखी एक, आता तर किती बारीक झालीस!" ती नुसती हसली. तिच्याजवळ दुसरा उपायही नव्हता.

सहा वर्षांपूर्वी तिने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. आदल्या आठवड्यात तिने मला विचारले होते, "दादा, तू एवढी पुस्तके वाचतोस. हे केल्यावर मी सुखी होईन का रे?" मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. या प्रश्नाला सुमारे सत्तर वर्षांचा इतिहास आहे, हे मला पुढे वाचताना कळले.

१९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटाच्या क्रेमेन आणि लिनर या शल्यविशारदांनी लहान आतड्याच्या मोठ्या भागाला बगल देण्याची वाट दाखवली. अन्न अंगी लागायच्या आतच पुढे सरकायचे. वजन झरझर उतरू लागले आणि वैद्यकीय जगत खूश झाले. पण काही वर्षांत त्या रोग्यांचे हाल समोर आले. न थांबणारे जुलाब, मूतखडे, काहींचे तर यकृतच निकामी! शेवटी ती पद्धत सोडून द्यावी लागली. माणूस हलका झाला म्हणजे सुखी झाला असे नाही, हा पहिला धडा असा महागात पडला.

१९६६ मध्ये आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी दुसरी वाट काढली. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला जातो त्यांचे वजन पुन्हा वाढत नाही, एवढ्या निरीक्षणावरून त्यांनी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला. १९९४ मध्ये तो दुर्बिणीतून करता येऊ लागला. आज स्लीव्ह ही शस्त्रक्रिया जास्त होते. तीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. पण कोणतीही पद्धत असो, यश मोजायचे ते किलोंमध्येच.

१९९८ मध्ये ओरिया आणि मूरहेड यांनी एक गुणपत्रिका तयार केली. तिचे नाव बॅरोस. त्यात तीन रकाने होते: वजन किती उतरले, मधुमेह-रक्तदाब यांसारखे आजार किती सुधारले आणि जगणे कसे झाले. गुंतागुंत झाली तर गुण वजा. जगण्याच्या रकान्यात प्रश्न फक्त पाच. स्वतःबद्दल काय वाटते, हालचाल किती करता, लोकांत किती मिसळता, काम कसे चालते आणि शरीरसंबंधातली ओढ कशी आहे. डॉक्टरचा काटा बाजूला ठेवून रोग्याला विचारायचे, एवढीच ती क्रांती!

आपल्याकडे या शस्त्रक्रियेची चर्चा घराघरांत पोचली ती २०११ मध्ये. भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी ती मुंबईत करून घेतली. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईत आली. तिचे वजन सुमारे ५०० किलो होते. शस्त्रक्रिया झाली आणि वजन खूप उतरल्याचे डॉक्टरांनी सांगितले. तिच्या बहिणीने मात्र तिची प्रकृती खरोखर सुधारली का, असा जाहीर प्रश्न केला. मे महिन्यात तिला अबूधाबीला हलवले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी ती गेली. तिच्यासारखी अवस्था लाखांत एखाद्याची, त्यावरून शस्त्रक्रियेला नावे ठेवू नयेत. पण वाद कशावरून झाला ते पाहा. एक बाजू किलो सांगत होती, दुसरी बाजू जगण्याबद्दल विचारत होती.

मग पुढचे जगणे आधी ओळखता येते का? सर्वांत लांबचे उत्तर स्वीडनमधून आले. तिथे १९८७ पासून चार हजारांवर लठ्ठ माणसांची पाहणी झाली. त्यांपैकी निम्म्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती. दहा वर्षांचा हिशेब २००७ मध्ये छापला गेला. पहिल्या वर्षी समाधान शिखरावर, मग सहाव्या वर्षापर्यंत हळूहळू उतरण, त्यानंतर स्थिर. उतरलेले वजन टिकले त्यांचे सुखही टिकले, आणि त्यासाठी मूळ वजनाच्या दहा टक्क्यांची घट टिकली तरी पुरेशी होती. त्याच वर्षी अमेरिकेतील युटामधल्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्यांत एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी दिसले. पण अपघात, आत्महत्या अशा, आजाराबाहेरच्या कारणांनी झालेले मृत्यू मात्र ५८ टक्क्यांनी जास्त होते.

२०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासाने तर मला थांबवलेच. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षी दारूच्या आहारी जाण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. हा धोका कोणाला जास्त? तरुण पुरुष, धूम्रपान करणारे, आधीपासून नियमित पिणारे आणि ज्यांना 'आपण कोणाचे तरी आहोत' असे कमी वाटते ते. काजूच्या मोसमात ज्या गावांत हुर्राक आणि फेणीचा वास दरवळतो, त्या गावांनी हे नीट वाचावे.

आता हे आपल्याशी ताडून पाहू. बॅरोसचा एक प्रश्न आहे, लोकांत किती मिसळता? आमच्या पेडण्यात मिसळणे म्हणजे जेवणे! लग्न, बारसे, जत्रा, काला, कुठेही जा, पान वाढलेलेच. बायपास झालेल्या माणसाला गोड जास्त झाले तर घाम फुटतो, छाती धडधडते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. असा माणूस पंगतीतून उठून गेला की आपण म्हणतो, "शिष्ट झाली."

जेवणे उरकल्यावर बहिणीला म्हटले, "तुझ्या त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले." आम्ही किनाऱ्याने उत्तरेला, डोंगराला वळसा घालून गोड्या पाण्याच्या तळ्यापर्यंत चालत गेलो. पूर्वी तिला घराच्या पायऱ्या चढतानाही धाप लागायची. तळ्याकाठी बसल्यावर ती म्हणाली, "गुडघे सुखी आहेत दादा, साखर ताब्यात आहे. पहिल्या वर्षी सगळे कौतुक करत होते. आता जो तो पानात डोकावतो. सहा वर्षांत 'कशी आहेस' असे कोणी विचारले नाही. सगळे म्हणतात, 'किती झाले?'"

माझ्या पोटात कालवले. कारण त्या सकाळी दारात तिला पाहिल्यावर मीही तेच विचारले होते.

कोण सुखी होईल हे आधी सांगणारी पत्रिका आजवर कोणाला मांडता आलेली नाही. पण त्या पत्रिकेतले एक घर आपले आहे, एवढे मला कळले. पुढच्या चवथीला तिच्या पानात अर्धीच नेवरी पडेल आणि कोणी काही बोलणार नाही, असे मी मामीला सांगून ठेवले आहे. मामी म्हणाली, "अर्धी तर अर्धी, पण बाजूला मीच बसेन!"