शाळेचा पोषाख आणि समता

गणवेश हा मुळांत शाळेचा नव्हे, पलटणीचा. मनमाडसारख्या मोठ्या जंक्शनांत तर त्याचें प्रयोजनच दर्जा ओळखविणें हें असतें. गार्ड कोण व हमाल कोण, हें प्रवाशास कपड्यांवरून कळतें. शाळेंत मात्र तोच गणवेश दर्जा झांकण्यासाठीं घालतात. हा उलटा प्रवास कसा झाला, हें जपानच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

१८७९ सालीं टोकियोच्या गाकुशुइन या सरदारपुत्रांच्या शाळेनें आरमारी धर्तीचा पोषाख स्वीकारला. १८८६ सालीं तेथील सरकारी विद्यापीठानें उभ्या गळ्याचा, सोनेरी गुंड्यांचा कोट विद्यार्थ्यांस दिला. हीं वस्त्रें प्रतिष्ठेचीं होतीं, समतेचीं नव्हेत. शिक्षण पसरलें तसा तो कोट सामान्य घरांतील मुलांच्या अंगावर आला. मुली आधीं किमोनोवर हाकामा हें घोळदार वस्त्र नेसत. १९२० नंतर खलाशी कॉलरचा सुटसुटीत पोषाख रूढ झाला. १ जूनला उन्हाळी आणि १ ऑक्टोबरला हिवाळी पोषाख चढवावयाचा, हा तेथील शिरस्ता. शाळा सोडतांना आवडत्या मुलाच्या कोटाची दुसरी गुंडी, हृदयाजवळची म्हणून, मुलीनें मागून घ्यावयाची, अशीहि एक रीत पडली. सक्तीच्या वस्त्रासहि माणूस जिव्हाळा चिकटवितो तो असा!

आपल्या महर्षि कर्वे यांस टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून स्फूर्ति मिळाली व १९१६ सालीं त्यांनीं आपलें महिला विद्यापीठ स्थापिलें. पुढें जगप्रवासांत तें जपानी विद्यापीठ त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें. परंतु त्यांनीं तेथून आणिली ती शिक्षणाची कल्पना, पोषाख नव्हे. मातृभाषेंतून शिकणाऱ्या आपल्या मुली लुगड्यांतच पदवीधर झाल्या.

आतां गणवेश आपल्या खेडोपाडींच्या शाळांतहि आहे. २०२४ सालीं राज्य सरकारनें सरकारी शाळांसाठीं एकच गणवेश ठरविला. कपडे वेळेवर पोंचले नाहींत अशा तक्रारी झाल्या, आणि वर्षअखेर खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. तिकडे टोकियोच्या गिंझा भागांतील एका प्राथमिक शाळेनें २०१८ सालीं आर्मानी या इटालियन पेढीचा ८०,००० येनांहून महाग पोषाख निवडला, तेव्हां जपानांतच गदारोळ उठला. म्हणजे गणवेश पुन्हा प्रतिष्ठेकडे परतण्यास फार वेळ लागत नाहीं.

वर्गांत गरिबी झांकणारें वस्त्र दुकानाच्या दारांत ती उघडी पाडीत असेल, तर ती समता कसली? शाळेनें रंग ठरविण्यापूर्वीं किंमत ठरवावी, असें आम्हांस वाटतें.