गाय सुखरूप, टोमॅटो वाकडा

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘२,४-डी’ हे तणनाशक बाजारात आले, तेव्हा पशुपालकांची पहिली शंका साहजिकच होती : फवारलेल्या कुरणात गाय चरली तर? अमेरिकेच्या कृषिखात्यात मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गाईला रोज साडेपाच ग्रॅम २,४-डी असे १०६ दिवस खाऊ घातले. गाय ठणठणीत राहिली, तिच्या दुधावरचे वासरूही. हा अहवाल १९४६ सालचा. शिकागोचे वनस्पतिशास्त्रज्ञ क्राऊस यांनी तर तीन आठवडे रोज अर्धा ग्रॅम स्वतःच घेऊन पाहिले! (एका गाईवरून आणि एका प्राध्यापकावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे वेगळे सांगायला नको.)

ही द्रव्ये ऑक्झिन या वनस्पतींच्या वृद्धिसंप्रेरकाची नक्कल करतात. रुंद पानांच्या झाडांची वाढ त्यामुळे बेताल होते, पाने पिळवटतात आणि झाड मरते. गवत मात्र तगते. जनावरांत ऑक्झिनला प्रतिसाद देणारी अशी यंत्रणाच नसते. गाईचे काय होते, हे असे तपासून झाले. गाईच्या पोटातून पुढे काय जाते, या प्रश्नाला मात्र तितके महत्त्व मिळाले नाही. २,४-डीच्या बाबतीत ते खपूनही गेले, कारण मातीतले सूक्ष्मजीव त्याचा सहसा काही आठवड्यांत निकाल लावतात.

त्याच पद्धतीने काम करणारे, पण अधिक चिवट असे अमिनोपायरॅलिड २००५ साली अमेरिकेत नोंदले गेले. ते गवताच्या काष्ठद्रव्यात, म्हणजे लिग्निनमध्ये, अडकून राहते, गुराच्या पोटातून न बदलता बाहेर पडते आणि उकिरड्यात फार सावकाश विघटित होते. २००८ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधील हौशी बागाईतदारांचे टोमॅटो, बटाटे आणि शेंगभाज्या वाकड्यातिकड्या होऊ लागल्या. दोष निघाला शेणखताचा! अशा खताविषयीची सूचना तणनाशकाच्या डब्यावर होती. पण डबा फवारणाऱ्याकडे राहिला, गवत दुसऱ्याकडे गेले आणि खत तिसऱ्याकडे. सूचना खताबरोबर गेलीच नाही. त्या जुलैत उत्पादकाने तेथील विक्री थांबवली. २००९ मध्ये अधिक कडक अटींवर ती पुन्हा सुरू झाली.

बागाईतदारांनी तेव्हा वापरलेली कसोटी कोणत्याही शाळेत करता येईल. काही कुंड्यांत माती आणि शंकास्पद खत मिसळून भरावे, काहींत नुसती माती. सर्वांत पावट्याचे किंवा घेवड्याचे बी पेरावे आणि तीन-चार आठवडे वाट पाहावी. खतात हे द्रव्य असेल, तर नवी पाने नेच्याच्या कोवळ्या पानांसारखी गुंडाळलेली निघतात. एक अब्जांश इतके अल्प प्रमाणही काही पिकांना बाधते. ते रसायनशास्त्रीय उपकरणाने मोजणे खर्चाचे काम आहे. पावट्याला ते फुकट कळते. कुंड्यांखालच्या बशा मात्र वेगवेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर पाझरलेले पाणी शेजारच्या कुंडीत जाऊन निकाल बिघडतो.